विदर्भातल्या गावखेड्यातले नवे कोडवाले: ओळख द्या, अडलं ते विचारा

पऱ्हाटीवाला (धागाकर्ता)

राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला. घरी पऱ्हाटी अन् तूर. बीएस्सी झाली, आता कोडिंगची पायथन भाषा शिकून राह्यलो. धागा काढायचं कारण असं, की आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत बसायले जागा भेटत नाही इतके पोट्टे आहेत, पण सगळे पोलीस भरतीचे, नाहीतर तलाठी-एमपीएससीचे. लूप अडला म्हून बाजूच्याले विचारलं, तं तो म्हणते, "हे कोणत्या पेपरले आहे बे?"

नागपूरवाल्यांचं ठीक आहे. त्यांच्याइकडे मिहान आहे, क्लासेस आहेत, रविवारी कुठं ना कुठं चार जण जमतात. हा धागा बाकीच्यांसाठी. पुसद, मेहकर, दर्यापूर, तुमसर, कुरखेडा, जिथं शिकणारा आपल्या गावात एकटाच आहे त्यांच्यासाठी. नागपूरकर आले तरी हाकलणार नाही, येतानी सावजी आणा.

ओळख देतानी एवढं सांगा: तालुका कोणता, शिकता कशावर म्हणजे मोबाइल का लॅपटॉप, भाषा कोणती, अन् सध्या अडलं कुठं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "हाय, मी नवीन आहे, मार्गदर्शन करा" एवढंच लिहिलं तं माणूस काय सांगणार? फोन नंबर अन् घरचा पत्ता टाकू नका.

माहं अडलेलं: पिकाच्या खर्चाची फाइल वाचून राह्यलो, तं प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ छापून येते. मी तं टाकली नाही.

मूळचा वणीकर

फाइलमधल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘नवी ओळ’ सांगणारं एक न दिसणारं अक्षर असतं. ते वाचताना सोबत येतं, आणि प्रिंट स्वतःचं आणखी एक लावतं. ओळ वाचली की तिला स्ट्रिप लावा, ते अक्षर निघून जाईल.

मी वणीचा, नोकरीला पुण्यात, रोजचं काम जावा भाषेत. नवशिका नाही, पण उत्तरं द्यायला बसतो. माझ्याकडे गावाकडून जे प्रश्न येतात त्यातले निम्मे स्क्रीनच्या फोटोत असतात. फोटो तिरपा, त्यात ट्यूबलाइटची चमक, आणि नेमकी एररची ओळ अंगठ्याखाली. कृपा करून अक्षरं चिकटवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर तेही बेतानं. ते तारांकनं आणि अंडरस्कोअर गिळून अक्षरं ठळक-तिरपी करून दाखवतं, गुणाकार गेला कुठे ते समोरच्याला कळत नाही.

दुसरं, पायथनची एरर खालून वर वाचायची. अगदी शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, तिच्या वर कोणत्या ओळीत बिघडलं ते. वरचा ‘ट्रेसबॅक’ शब्द पाहून घाबरायचं काही कारण नाही.

कोथरूडचा पाहुणा

प्रश्न प्रामाणिक आहे, राग नसावा. नवशिके सगळीकडे सारखेच. मग कोडिंगमध्येही वेगळा विदर्भ कशाला?

पऱ्हाटीवाला

राज्य नाही भेटलं, धागा तं भेटू द्या ना भाऊ!

बरं, खरं उत्तर. तुमच्याइकडे लाइट गेली तं इन्व्हर्टर असते. आमच्याइकडे हरभऱ्याले पाणी द्यायचं तं शेतीच्या फिडरची पाळी रात्रीची. मोटर चालू करून बांधावर बसायचं अन् मोबाइलवर कोड लिहायचा, हा माहा अभ्यासाचा टाइम. लॅपटॉप आहे असं धरून दिलेला सल्ला तिथं कामाचा नाही. एवढाच फरक, पण लय मोठा.

आंबिया बहार

मी वरुडची. बारावी सायन्स झाली. लॅपटॉप नाही, बाबांचा जुना अँड्रॉइड आहे. त्याच्यात पायड्रॉइड हे पायथनचं ॲप टाकलं, नेट नसतानाही चालतं हे बरं आहे. अडलेलं हे: पहिल्याच ओळीला म्हणतं, ‘नेम प्रिंट इज नॉट डिफाइन्ड’. प्रिंटच जर त्याला माहीत नसेल तर पुढे काय शिकायचं?

मूळचा वणीकर

कोड आधी दुसरीकडे कुठे टाइप केला होता का? नोट्समध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर?

आंबिया बहार

हो, मैत्रिणीला पाठवला होता, तिथूनच उचलला.

मूळचा वणीकर

म्हणजे कीबोर्डाची करामत. वाक्याचं पहिलं अक्षर तो आपोआप मोठं करतो. तुमच्या प्रिंटचा ‘पी’ कॅपिटल झालाय, बघा. पायथनला लहान ‘पी’चं प्रिंट माहीत आहे, मोठ्या ‘पी’चं नाही. कीबोर्डाच्या सेटिंगमध्ये ऑटो-कॅपिटलायझेशन बंद करा, ऑटो-करेक्शनही बंद करा.

आंबिया बहार

चाललं!! तीन दिवसांपासून मी ॲपच खराब आहे म्हणून काढून परत टाकत होते.

टर्बोग्रस्त

मी चिखलीचा, बीसीए पहिलं वर्ष. कॉलेजात टर्बो सी, तोच निळा पडदा. घरी कापूस असतो म्हून पट्टीचा प्रोग्राम लिहिला, क्विंटल गुणिले भाव. भाव २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव घेतला, ७,५२१. चार क्विंटलपर्यंत बरोबर येते, ३०,०८४. पाच टाकले की उत्तर येते उणे २७,९३१. बाबाले दाखवलं, तं म्हणे, "कापूस विकून उलटे आपल्याकडंच पैसे काढते, हा प्रोग्राम व्यापाऱ्यानं लिहिला का?"

जुना बोरलँड

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

मी निवृत्त, तंत्रनिकेतनात शिकवायचो. टर्बो सी १६ बिटांच्या जमान्यातलं आहे, त्यात इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, दोन बाइटचा. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. तुमचं खरं उत्तर ३७,६०५. ते मावलं नाही, म्हणून घड्याळाच्या काट्यासारखं फिरून दुसऱ्या बाजूनं आलं. ३७,६०५ मधून ६५,५३६ वजा करा, उणे २७,९३१ च येतील. एकूण रकमेचा व्हेरिएबल लाँग (मोठे पूर्णांक मावणारा प्रकार) करा आणि प्रिंटएफमध्ये टक्के-डी ऐवजी टक्के-एल-डी लिहा.

टर्बोग्रस्त

सर, केलं. तरी उणेच येऊन राह्यलं.

जुना बोरलँड

येणारच, आणि हे परीक्षेत कोणी विचारत नाही म्हणून इथे सविस्तर सांगतो. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे लाँग आहे, पण उजवीकडे क्विंटलही इंट आणि भावही इंट. गुणाकार आधी होतो, तो इंटातच होतो, तिथेच सांडतो. सांडलेलं उत्तर मग लाँगमध्ये जाऊन बसतं. भांडं मोठं घेतलं तरी त्यात पडतंय ते आधीच बिघडलेलं. म्हणून भावच लाँग घ्या. दोघांपैकी एक लाँग असला की गुणाकार लाँगमध्ये होतो.

टर्बोग्रस्त

३७,६०५. आलं!!! बाबा म्हणे आता कट्टी, हमाली अन् गाडीभाडं वजा करून दाखव.

जुना बोरलँड

मग तुमचा पुढचा धडा त्यांनीच दिला. घरी मात्र टर्बो वापरू नका. ६४ बिटांच्या विंडोजवर ते सरळ चालतही नाही, डॉसबॉक्समध्ये घालून चालवावं लागतं. जीसीसी हे सी चं आजचं साधन टाका, त्यात इंट चार बाइटचा, दोनशे चौदा कोटींच्या वर जातो. एवढ्याचा कापूस झाला तर कळवा.

टर्बोग्रस्त

पण प्रॅक्टिकलले टर्बोच लागते सर. चॅटजीपीटीले सी++ चा प्रोग्राम मागितला होता, त्यानं दिलेला कोड तिथं चालतच नाही. पहिल्याच ओळीले, हेडर फाइल उघडता येत नाही म्हणते.

जुना बोरलँड

सी++ चं पहिलं अधिकृत मानक १९९८ चं. टर्बो सी++ त्याच्या आधीचं. नव्या कोडात आयओस्ट्रीम या हेडर फाइलीच्या नावापुढे ‘डॉट एच’ नसतं, टर्बोला ते लागतं, आणि ‘युझिंग नेमस्पेस’ची ओळ त्याला ठाऊकच नाही. परीक्षेपुरतं ते शिका, गुण घ्या, आणि घरी आलं की या शतकातलं सी++ लिहा. दोन्ही डोक्यात वेगळं ठेवता आलं पाहिजे. अभ्यासक्रम कधी बदलतो याची वाट पाहून माझी नोकरी संपली.

मूळचा वणीकर

याला जोडून एक. चॅटजीपीटीला विचारू नका असं मी म्हणणार नाही, मीही विचारतो. पण त्याला "टर्बोत, दोन बाइटचा इंट" हे सांगायला हवं ते तुम्हालाच माहीत असलं पाहिजे. ते सरांनी आत्ता सांगितलं.

सातपुड्याची

नमस्कार. मी धारणी तालुक्यातली, शिकायला अमरावतीला वसतिगृहात. घरी कोरकू, शाळेत मराठी, कोड इंग्रजीत, त्यामुळे नवीन भाषा शिकायची भीती मला नाही :) अडचण सुट्टीत येते. गावी नेटवर्क एका ठिकाणी उभं राहिलं तरच, तेही टिकत नाही. महिनाभर गेला की सगळं विसरायला होतं. नेटशिवाय शिकता येईल असं काय काय आहे?

मूळचा वणीकर

पुष्कळ आहे. वसतिगृहातून निघायच्या आधी हे उतरवून घ्या. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावर सगळी माहितीपुस्तिका एका झिप फाइलीत मिळते, ईपबही आहे. त्यातलं ‘ट्युटोरियल’ तेवढं वाचलं तरी सुट्टी पुरणार नाही. शिवाय पायथनमध्येच हेल्प नावाचं फंक्शन आहे. त्याच्या कंसात कशाचंही नाव द्या, तो तिथल्या तिथे माहिती काढून देतो, नेट लागत नाही.

कोपाची पोरगी

आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल पण बघ. पायथन, सी, लिनक्स सगळ्यावर दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ आहेत, आवाज मराठीत मिळतो, पडद्यावरचं इंग्रजीतच राहतं. ते उतरवून ठेवता येतात. व्हिडिओ थांबवायचा, तेवढंच आपण करून पाहायचं, मग पुढे. नुसतं बघत बसलं तर मालिका पाहिल्यासारखं होतं.

मी मेहकरची, आयटीआयला कोपा ट्रेड, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट. संस्थेत संगणक आहेत, घरी नाही. अडलं काही नाही, पण मेहकर-लोणारकडची अजून कोणी मुलगी शिकत असेल तर बोलायला आवडेल. वर्गात मुली पुष्कळ आहेत, पण बहुतेकींना टायपिंग आणि डाटा एंट्रीच्या पुढं जायचं नाही. जायचं नाही म्हणजे घरून जाऊ देत नाहीत, असंही असेल.

सातपुड्याची

लोणारकडची नाही, पण मी आहे ना. सुट्टी संपेपर्यंत उत्तर उशिरा देईन, एवढंच.

आंबिया बहार

मला पण धरा.

लाखनीचा दूधवाला

होय जी, मी भंडारा जिल्ह्यातला. घरी धान आहे, सकाळ-संध्याकाळ दूध संकलनावर बसतो. फॅट मोजायची मशीन आहे, पण दराचा तक्ता कागदावर, तो पाहून पाहून लिहावा लागते. म्हणून मोबाइलवर पायथनमध्ये तक्ता बनवला. ३.५ फॅटपासून सुरू केलं, लूपमध्ये ०.१ वाढवत गेलो, प्रत्येक फॅटचा दर डिक्शनरीत टाकला, फॅट ही चावी अन् दर तिच्यापुढं. ३.५ चा दर देते, ३.६ चा देते, ३.७ चा देते. ३.८ टाकलं की की-एरर, म्हणजे अशी चावीच नाही म्हणते. तक्त्यात ३.८ आहेच, मी स्वतः टाकला जी! एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) सध्या ८.५ च धरला आहे.

मूळचा वणीकर

हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात गोड आहे. डिक्शनरीतल्या सगळ्या चाव्या छापून बघा आणि इथे चिकटवा.

लाखनीचा दूधवाला

३.५

३.६

३.७

३.८००००००००००००००३

हे शेवटचे ३ कोठून आले जी? दुधात पाणी ऐकलं होतं, आकड्यात नाही ऐकलं.

मूळचा वणीकर

संगणक आकडे दोनाच्या घातांत साठवतो. त्या पद्धतीत ०.१ नेमका लिहिताच येत नाही, जसा आपल्या दशांशात एक तृतीयांश ०.३३३ करत कुठेतरी तोडावाच लागतो. प्रत्येक वेळी ०.१ मिळवताना बारीकशी चूक मिसळत जाते. ३.७ पर्यंत ती राउंडिंगमध्ये लपली, ३.८ ला बाहेर आली. तुम्ही मागताय नेमकं ३.८, डिक्शनरीत आहे ३.८ च्या केसभर पुढचा आकडा. पायथनच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या चाव्या.

उपाय: फॅट दहापट करून पूर्णांकात ठेवा. ३५, ३६, ३७, ३८. लूपही ३५ पासून एकेकानं वाढवा. मशीनवरचा ३.८ आला की दहानं गुणून राउंड करा. नुसतं इंट लावू नका, ते दशांश चिन्हापुढचा भाग छाटतं, राउंड जवळचा पूर्णांक देतं. पैशांचंही तसंच, रुपयांत दशांश ठेवण्यापेक्षा पैशांत पूर्णांक ठेवा. बँकांच्या सॉफ्टवेअरमध्येही पैशांसाठी साधा फ्लोट (दशांश आकड्यांचा प्रकार) टाळतात.

लाखनीचा दूधवाला

झालं जी. आज संध्याकाळच्या पाळीले कागदासोबत लावून पाहीन.

पऱ्हाटीवाला

दूधवाले भाऊ, सोबत लावून पाहाच. पयले आठ-दहा दिवस कागद फेकू नका, एखाद्याले दोन रुपये कमी गेले तं गाव प्रोग्रामले नाही, तुम्हाले बोलेल.

अन् एक गंमत. आंबिया बहारनं मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू ठेवूनच आकडे टाकले असतील तं सांगतो, पायथन ३ मध्ये इनपुटले मराठीत ७५२१ टाकलं तरी इंट ते बरोबर ओळखते. फ्लोट पण ओळखते. व्हेरिएबलचं नाव ‘भाव’ असं देवनागरीत ठेवलं तरी चालते. पण कोडात सरळ मराठी आकडा लिहिला तं सिंटॅक्स एरर. म्हणजे माणसानं टाकलेलं समजून घेते, कोड लिहिणाऱ्याचं नाही.

मूळचा वणीकर

चालतं, पण कोड दुसऱ्याला दाखवायचा असेल तर नावं इंग्रजीत ठेवलेली बरी. मदत करणारा तमिळही असू शकतो.

पऱ्हाटीवाला

मंजूर. माह्या शेताच्या प्रोग्रामात मात्र ‘भाव’च राहणार.

भरतीतून बाहेर

दर्यापूर. दोन वर्षं पोलीस भरती केली, उंचीत गेलो. आता कोडिंग करावं म्हणतो. एक क्लास भेटला, "शंभर टक्के प्लेसमेंट", फी ऐंशी हजार, अर्धी आता भरायची. घरचे सोयाबीन विकून द्यायले तयार आहेत. भरावी का?

मूळचा वणीकर

नाही. सरळ सांगतो, नाही. शंभर टक्के असं लिहिलेलं दिसलं की तिथूनच परत फिरायचं. कुणाला, कोणत्या पगारावर, किती महिने टिकलेली नोकरी लागली हे लेखी मागा. दिलं तर मला आश्चर्य वाटेल. इंटरव्ह्यूला मी माणसं घेतो, तिथे सहा महिन्यांचं प्रमाणपत्र पाहून मी काही ठरवत नाही. तुम्ही स्वतः लिहिलेलं काहीतरी चालू स्थितीत दाखवा, ते कुठे फुटतं हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. वरच्या दूधवाल्यांनी ३.८ ची गोष्ट सांगितली तर मी त्यांच्याशी अर्धा तास बोलेन.

नोकरी लागेलच असं मात्र मीही म्हणणार नाही. नवशिक्यांसाठी बाजार सध्या घट्ट आहे. आधी तीन-चार महिने फुकटात शिकून बघा, आवडतंय का ते तरी कळेल.

जुना बोरलँड

सोयाबीन विकू नका. आयटीआयच्या कोपाची चौकशी करा, वर्षभराचा ट्रेड आहे, सरकारी संस्थेत फी अगदी कमी असते.

भरतीतून बाहेर

घरी वाचून दाखवलं. आई म्हणे, या पुण्यावाल्याले विचार, जेवला का.

मूळचा वणीकर

जेवलो म्हणावं. ज्वारीची भाकर आणि ठेचा नाही, एवढीच कमी आहे.

पऱ्हाटीवाला

काही जण व्हिडिओ कॉल करू म्हणतात, काही जण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. माहं मत: कॉलले अर्ध्यांचं नेट पुरत नाही, अन् ग्रुपवर सकाळची फुलं येतात. व्हॉइस नोट तं बिलकुल नको, पुढच्या वर्षी कोणाले हाच प्रश्न पडला तं आवाजात कसं शोधणार? इथं लिहूनच ठेवू. ज्याचं सुटलं त्यानं "झालं" एवढं तरी लिहायचं, अन् कशानं झालं तेही.

आर्वीची गटवाली

नमस्कार सगळ्यांना. मी आमच्या गावच्या बचत गटांचे हिशोब लिहिते, आर्वी तालुका. मुलाच्या लॅपटॉपवर पायथन शिकतेय, वय विचारू नका. महिन्याची बचत, कर्ज आणि दोन टक्के व्याज सगळं बरोबर निघतं. अडलं असं, की सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) काढली, नोटपॅडमध्ये नावं मराठीत दिसतात, पण एक्सेलमध्ये उघडली की बायांच्या नावांच्या जागी इंग्रजी ‘ए’ आणि त्यावर तिरपी रेघ, असलं काहीतरी ओळभर. परवा बैठक आहे, हे असं वाचून दाखवू कसं?

मूळचा वणीकर

ताई, फाइल चांगली आहे, एक्सेल ती चुकीच्या एन्कोडिंगनं, म्हणजे अक्षरं साठवायची दुसरीच पद्धत धरून वाचतोय. फाइल उघडताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ दिलं असेल, त्याच्यापुढे डॅश देऊन ‘सिग’ जोडा. त्यानं फाइलीच्या सुरुवातीला एक खूण बसते, ती पाहून एक्सेलला कळतं की हे यूटीएफ-८ आहे.

आर्वीची गटवाली

उघडलं! सगळ्या जणी दिसल्या. आता सहीसाठी शेवटी एक रिकामा रकाना पाहिजे, अध्यक्ष बाईंचा अंगठा असतो, त्याला जागा जास्त लागते.

कोपाची पोरगी

ताई, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रिकामी स्ट्रिंग जोडा आणि शीर्षकाच्या ओळीत ‘सही / अंगठा’ लिहा. रुंदी सीएसव्हीत राहत नाही, ती एक्सेलमध्ये हातानं ओढा आणि छापायच्या आधी पान आडवं करा.